आधी घोडीला खरारा, मग शिंगराला हात

प्रश्न : आमच्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली काठेवाडी घोडी आहे. तिचं पहिलं शिंगरू आम्ही घरातल्या लेकरासारखं वाढवलं. दिवसभर पोरं त्याच्याभोवती. ते हातातून गूळ खायचं, अंगणात मागे मागे फिरायचं, पुढचे दोन पाय आमच्या खांद्यावर ठेवायचं. सगळे फोटो काढायचे. आठ-नऊ महिन्यांचं झालं आणि तेच पाय त्याने माझ्या धाकट्या भावाच्या अंगावर टाकले. भावाच्या खांद्याचं हाड मोडलं. पुढे ते चावायलाही लागलं आणि शेवटी पडत्या भावात विकलं. भाऊ तेव्हापासून तबेल्याकडे फिरकत नाही. आता घोडी पुन्हा गाभण आहे, दहावा महिना चालू आहे. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. त्यांत शिंगरू जन्मल्या जन्मल्या आडवं धरून अंगभर चोळतात, कानात बोटं घालतात, खुरांवर थापट्या मारतात. त्याने ते जन्मभरासाठी माणसाळतं म्हणतात. आजोबा म्हणतात, सव्वा महिना कुणी हातसुद्धा लावायचा नाही, नजर लागते. या वेळी मला चूक करायची नाही. नेमकं काय करू?
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. भावाबद्दलचं ते एक वाक्य मनातून जात नाही. त्याच्याकडे शेवटी येते. आधी घोडी, कारण तिचे दिवस भरत आलेत.

व्हिडिओमधली ती पद्धत रॉबर्ट मिलर या अमेरिकी पशुवैद्यांनी लोकप्रिय केली. त्यामागची कल्पना कोनराड लोरेन्झ यांच्या हंसांवरून आलेली. अंड्यातून बाहेर पडलेलं पिलू समोर जे पहिलं हलतं-फिरतं दिसेल त्यालाच आई समजून त्याच्यामागे चालू लागतं, हे लोरेन्झ यांनी दाखवलं. प्राण्यांच्या वागणुकीवरच्या कामासाठी त्यांना १९७३ साली नोबेलही मिळालं. मिलर यांचं म्हणणं असं, की शिंगरूही डोळे उघडे ठेवून, कान टवकारून जन्माला येतं, तासाभरात पायांवर उभं राहतं. मग त्याच तासात माणसाचा हात, खुरावरची थाप, कानातलं बोट, प्लॅस्टिकची सळसळ हे सगळं त्याच्या अंगवळणी का पाडू नये? ऐकायला पटतं. मलाही पटलं होतं.

माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. एका ओळखीच्या शेतकऱ्याची घोडी पहाटे तीनला व्याली. मी ते ओल्या अंगाचं शिंगरू मांडीशी धरून बसले आणि वाचल्याप्रमाणे एकेक अवयव चोळत गेले. ते सुटायला धडपडायचं, मी सोडायची नाही. धडपडताना सोडलं तर धडपडलं की सुटका होते हेच ते शिकतं, असं त्या पद्धतीत सांगितलेलं. घोडी चार पावलांवर होती. आधी ती हलक्या आवाजात त्याला बोलावत होती. मग तिने कान मागे पाडले, मग भिंतीकडेने येरझाऱ्या घालू लागली. मी उठले तोवर शिंगरू थकून झोपलं होतं. दुधाला लागलं ते पाचव्या तासाला. पुढचे दोन दिवस घोडी त्याला कासेजवळ येऊ देईना, तिला धरून पाजावं लागलं. ते शिंगरू जगलं, पण मी तबेल्यात शिरले की आईच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं. ती चूक माझी होती, आणि तिची किंमत घोडीने आणि शिंगराने मोजली.

नंतर या विषयावरचं संशोधन शोधून शोधून वाचलं. अमेरिकेतच, टेक्ससमध्ये, जन्माच्या वेळी असं हाताळलेल्या आणि न हाताळलेल्या शिंगरांची सहा महिन्यांनी परीक्षा घेतली, तर दोघांच्या वागण्यात सांगण्यासारखा फरक आढळला नाही. फ्रान्समधल्या रेन विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याहून पुढची गोष्ट दाखवली. ज्या शिंगरांना माणसांनी धरून पहिल्यांदा सडाशी नेलं, ती शिंगरं पुढे माणूस जवळ आला की टाळायला लागली. आपण त्याला मदत म्हणतो. पण शिंगराच्या बाजूने पाहा. आयुष्यातलं पहिलं काम ते स्वतःच्या पायांनी करायला निघालंय, आणि कुणीतरी मानगूट धरून त्याला ढकलतंय.

आणि हंसांच्या त्या गोष्टीत एक फरक आहे, तो विसरून चालत नाही. लोरेन्झ यांच्यामागे गेलेल्या पिलांजवळ आई नव्हती. तुमच्या शिंगराची आई तिथेच असणार, थकलेली, घामेजलेली, त्याला चाटत. त्या चाटण्यातून, त्या ओल्या वासातून ती त्याला ओळखू लागते. म्हणून पहिले दोन-तीन तास तिचे. तुम्ही लांबून, अंधुक उजेडात बघत बसा.

बघत बसा म्हणजे झोपा काढा असं नव्हे. घोडी व्याल्यानंतरचे काटे आम्ही असे मोजतो : एका तासात शिंगरू उभं, दोन तासांत दुधाला, तीन तासांत वार (गर्भाभोवतीचं आवरण) बाहेर. दोन तास होऊन गेले आणि ते उभं नाही, किंवा उभं राहूनही तीन तासांत सड तोंडात घेतलेला नाही, तर वर सांगितलेलं सगळं बाजूला ठेवा, डॉक्टरांना बोलवा आणि तोवर मदत करा. तिथे जीव आधी. वार तीन तासांत पडली नाही तरी डॉक्टरच, ती हाताने ओढायची नाही. आणि एक गोष्ट आजच घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. व्यायच्या वेळी पांढुरक्या पडद्याऐवजी लालभडक मखमली पिशवी पुढे आली, तर वाट बघत बसायचं नाही. ती ताबडतोब फाडून शिंगराला मोकळं करायचं, कारण त्याला आतून मिळणारा प्राणवायू तुटलेला असतो.

नाळ कापू नका. घोडी किंवा शिंगरू उठलं की ती आपोआप पोटाजवळच्या तिच्या ठरलेल्या जागी तुटते. उरलेल्या टोकाला पातळ केलेलं क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक लावायचं, पहिले दोन-तीन दिवस दिवसातून दोन-तीनदा. किती पातळ करायचं ते डॉक्टरांकडून आधीच विचारून, बाटली भरून ठेवा. कडक आयोडीनने कातडी भाजते. राख, शेण, हळद यांतलं काहीही तिथे लावू नका. धनुर्वाताचे जंतू लिदीत आणि मातीतच राहतात आणि घोड्याला तो रोग फार लवकर होतो. घोडीला व्यायच्या चार-सहा आठवडे आधी धनुर्वाताची लस दिली, तर तिच्या चिकातून शिंगराला संरक्षण मिळतं. तुमच्या घोडीची ती वेळ आत्ताच आहे, त्यामुळे हे वाचून झालं की डॉक्टरांना फोन करा.

चिकाबद्दल थोडं जास्त सांगते. शिंगरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढायची ताकद जवळजवळ नसते. ती सगळी चिकातून यायची असते आणि त्याचं आतडं ती शोषून घेतं ते फक्त पहिल्या चोवीस तासांत, त्यातही सुरुवातीच्या काही तासांत सगळ्यात चांगली. म्हणून पहिला चीक 'जड असतो' म्हणून काढून टाकायची जी पद्धत काही ठिकाणी मी पाहिली आहे, ती शिंगराच्या जिवावर उठते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून रक्त तपासून घेता आलं तर घ्या. चीक पुरेसा पोचला की नाही ते त्यातून कळतं आणि कमी पडला असेल तर तेव्हाच उपाय करता येतो. पहिली काळपट, चिकट लीद दिवसभरात पडली का तेही बघा. नर शिंगरांत ती अडकण्याचं प्रमाण जास्त.

बस्स. पहिल्या दिवशी माणसाच्या हाताचं काम एवढंच. सगळं मिळून काही मिनिटांचं.

आता आजोबा. त्यांचं म्हणणं मोडीत काढू नका. गावाकडे शिंगरू झालं की अख्खी आळी बघायला येते. प्रत्येकाला हात लावायचा असतो, कुणाला शेपूट बघायची असते, कुणाला भोवरे मोजायचे असतात. त्या गर्दीने घोडी बिथरते आणि दहा तबेल्यांतली घाण दहा जणांच्या चपलांबरोबर आत येते. सव्वा महिना बाहेरच्या माणसाला दारात अडवायचं काम आजोबांना द्या. ते त्यांच्याइतकं चांगलं कुणालाच जमणार नाही. फक्त घरच्या दोघांना मात्र सव्वा महिना थांबून चालणार नाही. शिंगराची वाढ इतक्या झपाट्याने होते, की महिनाभराने पहिल्यांदा हात लावायला जाल तेव्हा ते तुमच्याहून चपळ आणि जवळपास तुमच्याइतकं जोरदार असेल. मग धरायला चार माणसं लागतात, आणि चार माणसांनी धरलेलं शिंगरू माणसांविषयी काय शिकतं ते वेगळं सांगायला नको.

तर मधला रस्ता कोणता? रेनच्या त्याच संशोधकांचा आणखी एक प्रयोग आहे. मला तो फार आवडतो, कारण आपल्या कुठल्याही तबेल्यात तो करता येतो. शिंगरू जन्मल्यानंतर पहिले पाच दिवस त्यांनी रोज साधारण पाव तास घोडीला मऊ ब्रश केला, हाताने थोडंसं खाऊ घातलं. शिंगराला हात लावला नाही. ते मोकळं, बघत. पाच दिवसांचं सगळं मिळून सव्वा तास. पुढे ही शिंगरं माणसाजवळ जास्त थांबत, हात लावू देत, पाठीवर गादी ठेवायला लवकर तयार होत, आणि हा फरक ती वर्षाची झाली तरी टिकला होता. शिंगरू माणसाकडे थेट बघतच नाही. ते आईकडे बघतं, आणि आई माणसाकडे कशी बघते तेवढं टिपतं.

हे वाचलं तेव्हा मला धनगरांचे वाडे आठवले. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे जाणारे मेंढपाळ तुम्हीही पाहिले असतील. पहाटे बाई घोडीवर बिऱ्हाड लादते. भांडी, वाकळा, एखादी कोंबडी, कधी तान्हं पोरही. शिंगरू मोकळंच बाजूला. त्याला कुणी काही शिकवत नाही. पण कुत्रं भुंकतं, ट्रक शेजारून जातो, भांडी खणखणतात, घोडी मान खाली घालून उभी असते, आणि शिंगरू तिच्या पोटाला पोट लावून उभं. दोन वर्षांनी त्याच्या पाठीवर पहिलं हलकं ओझं पडतं तेव्हा त्याला त्यात नवल वाटत नाही.

तुमची घोडी तिचं डोकं तुमच्या हातात शांतपणे देते का, ते मला पत्रातून कळलं नाही. देत नसेल तर शिंगराचं शिक्षण आत्तापासून सुरू करा, म्हणजे घोडीचं. रोज ठरलेल्या वेळी खरारा, म्हणजे ब्रशने अंग घासणं. मान, खांदा, पाठ, मग हळूहळू पोट आणि कास. कासेला हात लावू देणारी घोडी पहिल्या रात्री शिंगरालाही लवकर लागू देते. रोज तोच माणूस असावा. घाई नको, आवाज खालचा.

व्याल्यानंतर दुसऱ्या दिवसापासून तोच खरारा पुढे चालू. शिंगराकडे बघायचंही नाही. घोडी आणि शिंगरू यांच्यामध्ये कधीही उभं राहू नका, कितीही गरीब घोडी असली तरी. दोन-तीन दिवसांत शिंगरू स्वतःहून येईल, पँट हुंगेल, पळेल, पुन्हा येईल. त्याच्या नाकाला हात लावायचा मोह होतो. लावू नका. हात खाली ठेवा आणि ते बाजूला उभं राहिलं की मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर बोटांनी खाजवा. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ती हीच जागा. फ्रान्समधल्या कामार्गच्या घोड्यांवर मोजून पाहिलंय, की तिथे खाजवलं की काळजाचे ठोके मंदावतात. तुम्हालाही दिसेल. वरचा ओठ लांब होतो, मान सैल पडते. ते ऐन रंगात असतानाच तुम्ही थांबा आणि दोन पावलं मागे या. पुन्हा खाजवून घ्यायला ते तुमच्याकडे येईल. या सगळ्या शिक्षणात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा क्षण, कारण इथे येणं त्याचं असतं.

आता मागच्या शिंगराकडे येऊ. तुम्ही त्याच्यावर प्रेम केलंत त्यात काही चुकलं नाही. पण ते माणसाळलं नव्हतं, सोकावलं होतं, आणि या दोन्हींतला फरक लहानपणी दिसत नाही. नर शिंगरं एकमेकांशी खेळतात कशी ते आठवा. मान चावणं, गुडघे चावणं, पुढचे पाय अंगावर टाकणं. त्यांचा सगळा खेळ म्हणजे लुटुपुटूची कुस्ती. अंगावर पाय टाकलेला खपवून घेतलात त्या दिवसापासून त्याच्या लेखी तुम्ही त्याच्या वयाचं दुसरं शिंगरू झालात. तोंडाला थापटी मारणं, डोकं ढकलणं हेही त्याला खेळाचं बोलावणंच वाटतं. चाळीस किलोचं असताना गोड दिसलेलं तेच वागणं दोनशे किलोचं झाल्यावर हाड मोडतं. त्याने तुमच्या भावावर हल्ला केला असं मला वाटत नाही. त्याने नेहमीचा खेळ खेळला. वजन वाढलंय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

घोड्यांच्या कळपात हे सांगणारे असतात. मोठ्या घोडीजवळ शिंगरू जातं तेव्हा ते मान लांब करून तोंड चपचप उघडझाप करतं, जणू सांगतं की मी लहान आहे. तरी अंगचटीला गेलं तर ती कान पाडते, किंचाळते, वेळ पडली तर चिमटा काढते. आणि लगेच सगळं विसरून चरायला लागते. तुमच्या अंगणात घोडी दावणीला होती आणि शिंगरू पोरांत. त्याला कळपाची रीत शिकवणारं कुणी उरलं नव्हतं. यंदा घोडीला शिंगरासह मोकळं फिरता येईल असं दोन-तीन गुंठ्यांचं आवार बांबूने घ्या. काटेरी तार अजिबात नको. शेजारीपाजारी कुणाकडे समजूतदार म्हातारी घोडी असेल, किंवा त्याच वयाचं दुसरं शिंगरू, तर ओळख झाल्यावर दिवसाचे काही तास त्यांना एकत्र सोडा. आणि शिंगराला आगाडी-पिछाडी बांधून ठेवू नका. धावणं हे त्याच्या हाडांचं अन्न आहे.

माणसांसाठी नियम थोडे, पण घरातल्या प्रत्येकाने पाळायचे. एकाने पाळले आणि दुसऱ्याने मोडले तर काहीच उपयोग नाही. खिशातून गूळ-चणे नाहीत. द्यायचं ते टोपल्यात. तोंडाशी खेळ नाही. दोन पायांवर उभं करणं, 'शेकहॅण्ड', फोटोसाठी खांद्यावर पाय, यांतलं काही नाही. लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्या घोड्यांचं कौतुक बघून पुष्कळ लोक शिंगराला हे लवकर शिकवू बघतात, आणि मग तेच घर मला बोलावतं, जनावर अंगावर येतं म्हणून. तुमच्या अंगाभोवती हातभर जागा तुमची. त्यात ते न विचारता घुसलं की खांद्याने किंवा छातीवर बोटांनी दाबून एक पाऊल मागे सरकवायचं, आणि ते सरकताक्षणी दाब काढून घ्यायचा. चावायला आलं तर वळतानाच कोपर आडवं येऊ द्या. पाच मिनिटांनी दिलेल्या शिक्षेचा त्याच्याशी काही संबंध लागत नाही. तोंडावर मारलेलं शिंगरू पुढे जन्मभर डोकं उडवत राहतं, मग त्याला लगाम घालणं म्हणजे रोजची लढाई.

आठवड्याभरानंतर धरायला शिकवा. एक हात छातीपुढून, दुसरा पुठ्ठ्यांमागून, घोडी समोर दिसत असताना. आवळायचं नाही. तुमचे हात म्हणजे कुंपण. ते पुढे धडकलं तर कुंपण लागतं, उभं राहिलं तर काहीच लागत नाही. एक क्षण सैल उभं राहिलं, की सोडा. पहिल्या दिवशी तो एक क्षणच पुरे. कान धरणं, शेपूट पिळणं ही आपल्याकडची जुनी युक्ती. तिने काम आज होतं आणि उद्यासाठी बिघडतं.

मग पाय. खांद्यापासून हात खाली घसरवत नेत खूर दोन बोटं उचलायचा आणि त्याने हिसडण्याआधी आपणच खाली ठेवायचा. रोज चारही. महिना-दीड महिन्याने नालबंद पहिल्यांदा खूर बघायला येईल तेव्हा त्याला तुमचे कष्ट कळतील. खुरांना वळण पहिल्या काही महिन्यांतच लागतं, त्यामुळे ही नुसती शिस्तीची गोष्ट नाही. सारंगखेड्याला घोड्याचे दात बघतात, भोवरे बघतात, पंचकल्याण आहे का ते बघतात, रवाल चाल बघतात. खूर हातात देतो का, हे विचारणारं गिऱ्हाईक मला क्वचितच भेटलं. तुम्ही पुढे विकायला न्याल तेव्हा न विचारताच दाखवा. जाणकार माणूस तिथेच थांबेल.

डोक्यात घालायची मोहरकी दोन-तीन आठवड्यांनी, मऊ सुताची किंवा चामड्याची. आधी नाकाशी नुसती न्या, खाजवा, काढा. घातलेली मोहरकी अंगावर ठेवून तबेल्यातून बाहेर पडू नका. शिंगरू मागच्या खुराने कान खाजवतं, खूर अडकतो आणि मान मोडते. खिळ्यात अडकलेलीही मी पाहिली आहेत. ओढायचं मात्र कधीच नाही. मानेला सरळ ओढ बसली की शिंगरू मागे रेटतं, उलटं पडतं आणि टाळू आपटतं, त्यातून उठलं नाही असंही झालेलं आहे. एक लांब मऊ दोर पुठ्ठ्यांमागून घ्या. पुढे एकाने घोडी चालवायची, मागे तुम्ही शिंगरासह. दोर जरासा ताणा, एक पाऊल पडलं की सैल. दाब आला की सरकायचं, सरकलं की दाब जातो, एवढंच त्याला कळायला हवं. लगाम, टाच, गाडीत चढणं, पुढचं सगळं याच एका धड्यावर उभं राहतं. रोज पाच मिनिटं करा. रविवारी तासभर करून सहा दिवस सोडून देऊ नका. खुंट्याला बांधायची वेळ बऱ्याच महिन्यांनी, दाबाला सरकायला पक्कं शिकल्यावर. तेव्हाही दोर सायकलच्या जुन्या ट्यूबला बांधा आणि ट्यूब खांबाला, म्हणजे हिसडा बसला तरी मान वाचते.

ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, लग्नाचा बँजो या सगळ्यांची ओळख आईबरोबर. घोडी शांत राहील एवढ्या अंतरावर आधी उभे राहा, आणि दररोज थोडं पुढे.

दूध तोडायचं साधारण सहाव्या महिन्यात, हळूहळू, आणि तेव्हा दुसऱ्या घोड्याची सोबत हवीच. फ्रान्समध्येच दिसून आलंय, की दूध तुटल्यानंतरच्या दिवसांत रोज शांतपणे हाताळलेली शिंगरं पुढे कित्येक महिने सोपी राहतात. म्हणजे पहिल्या तासात संधी हुकली तर सगळं संपलं, ही भीती मनातून काढून टाका. पाठीवर कुणी बसायचं नाही, तीन वर्षांचं होईपर्यंत, लहान मूलसुद्धा नाही. गुडघ्यांची हाडं पक्की व्हायला वेळ लागतो, पाठीची तर त्याहून उशिरा होतात. नर झाला आणि वळूसाठी ठेवायचा नसेल, तर खच्ची करण्याबद्दल डॉक्टरांशी वर्षाच्या आत बोलून घ्या.

आता भाऊ. तो तबेल्याकडे फिरकत नाही याचा अर्थ त्याला घोडे आवडेनासे झाले असा घेऊ नका. जिथे लागलं तिथे जायला अंग आपसूकच मागे सरतं, माणसाचंही. त्याला शिंगराजवळ बोलावू नका, आग्रहही करू नका. घोडीने त्याला काही केलेलं नाही. उद्या संध्याकाळी तुम्ही खरारा कराल तेव्हा त्याला कुंपणाबाहेर खाट टाकून बसू द्या. चार दिवसांनी विचारा, घोडीची मान जरा तू करतोस का? दुखऱ्या खांद्याने हात वर जात नसेल तर खालून, छातीपासून सुरू करू दे. घोडी व्यायला अजून महिना-दीड महिना तरी आहे. कास भरून आली आणि सडांच्या टोकांशी मेणासारखे थेंब दिसले, की समजा एक-दोन रात्रींचा प्रश्न आहे. घोडी बहुधा रात्रीच व्यायते आणि तिला गर्दी चालत नाही. तिथे दोनच माणसं हवीत. तोवर तिच्या अंगाला भावाच्या हाताची सवय झाली असेल, तर दुसरा माणूस तो असू द्या. शिंगरू डोळे उघडेल तेव्हा आई ज्याच्याजवळ निवांत उभी आहे असा माणूस म्हणून त्याला तोच दिसेल.